जनसुनावणीत बोललेलं कागदावर कसं उतरतं?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, एखाद्या दिवशी चौकोनात छापलेली सूचना येते. ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’. खाली प्रकल्पाचं नाव, गाव, गट नंबर, हेक्टरमधलं क्षेत्र, तारीख आणि ठिकाण. आमच्या कोकणातल्या तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, खाणीसाठी अशी सूचना आली, ती आम्हाला कळली अकरा दिवसांनी. एका दुकानदाराने रद्दी लावताना ती पाहिली आणि फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कायद्याने दिलेल्या तीस दिवसांतले अकरा तोवर गेले होते. उरलेल्या एकोणीस दिवसांत काय करता येतं, हे आम्ही चुकतमाकत शिकलो. पुढच्या गावाचे दिवस तरी वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी ही जनसुनावणी येते कुठून ते पाहू. मोठी खाण, धरण, रासायनिक कारखाना, सिमेंट प्रकल्प, बंदर, विमानतळ असं काही उभारायचं तर काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते. ही मंजुरी पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली काढलेल्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मिळते. त्याआधी १९९४ ची अधिसूचना होती आणि १९९७ मध्ये दुरुस्ती करून तिच्यात जनसुनावणी सक्तीची केली गेली. म्हणजे आपल्या गावात काय होणार आहे हे गावाला विचारलंच पाहिजे, अशी तरतूद येऊन अजून तीस वर्षंही झालेली नाहीत.

मंजुरीचा रस्ता साधारण असा आहे. प्रकल्प मोठा असेल तर तो ‘अ’ गटात जातो आणि निर्णय दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेतं. लहान असेल तर ‘ब’ गटात, आणि निर्णय राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेतं. अभ्यासात काय काय तपासायचं हे आधी ठरवून दिलं जातं. मग प्रकल्पवाला एक सल्लागार संस्था नेमून अहवालाचा मसुदा तयार करून घेतो. हाच तो पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल, बोलताना सगळे त्याला ईआयए म्हणतात. या मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं, त्यानुसार तो सुधारायचा आणि शेवटी तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवायचा. समिती शिफारस करते, सरकार मंजुरी देतं किंवा नाकारतं.

सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हे लक्षात असू द्या. संस्थेला सरकारी मान्यता असावी लागते, पण तिला काम देणारा आणि बिल चुकतं करणारा तोच, ज्याला मंजुरी हवी आहे. म्हणून लोकांनी हा अहवाल वाचणं ही या व्यवस्थेची गरज आहे. सड्यावर वर्षानुवर्षं गुरं चारणाऱ्या माणसाने तो तपासला नाही, तर दुसरं कोण तपासणार?

सगळ्याच प्रकल्पांना जनसुनावणी लागते असं मात्र नाही. ‘ब’ गटातला ‘ब२’ हा उपगट त्यातून सुटतो. इमारती आणि टाउनशिप सुटतात. जास्तीची जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण सुटतं. ठरावीक अटींवर औद्योगिक वसाहतीतले कारखानेही सुटतात. त्यामुळे आपल्याकडे सुनावणीची नोटीस आली नाही तर आधी प्रकल्प कोणत्या गटात दाखवला आहे ते पाहावं. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज आणि त्याची कागदपत्रं सापडतात. कधीकधी गट चुकीचा लावलेला असतो आणि खरं भांडण तिथूनच सुरू करावं लागतं.

आता मुद्द्याचं. जनसुनावणीत मतं मोजली जात नाहीत. हे न कळल्यामुळे गावंच्या गावं फसतात. आमच्याकडेही आदल्या रात्रीपर्यंत सगळा जोर माणसं गोळा करण्यावर होता. टेम्पो ठरले, बॅनर रंगले, हजार माणसं ‘नको’ म्हणाली की प्रकल्प परत जाईल असा सगळ्यांचा समज होता. कायद्यात असं कुठेच नाही. सुनावणीच्या अध्यक्षांना प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकारच नसतो. लोक काय म्हणाले ते नोंदवून पुढे पाठवणं एवढंच त्यांचं काम. वाढवण बंदराचं उदाहरण ताजं आहे. डहाणू तालुक्यातल्या या बंदराला मच्छीमारांचा किती जुना आणि किती कडवा विरोध आहे हे सगळा महाराष्ट्र जाणतो. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा किनाऱ्यावरच्या पोराटोरांना पाठ आहे. जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ ला पालघरला झाली. पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारीला मिळाली. महिनाही लागला नाही.

मग जायचं कशाला, असा प्रश्न आमच्या बैठकीतही एका तरुणाने विचारला. त्याचं उत्तर गोव्यातल्या एका खटल्यात आहे. दक्षिण गोव्यातल्या एका खाणीच्या मंजुरीविरुद्ध उत्कर्ष मंडळ ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २६ नोव्हेंबर २००९ ला निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं की लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे, आणि त्या का मान्य केल्या किंवा का फेटाळल्या याची कारणं दिली पाहिजेत. नुसतं ‘चर्चा केली, शिफारस केली’ एवढं लिहून भागणार नाही. शिवाय खाणप्रकल्प तपासणाऱ्या त्या समितीचा अध्यक्षच खाण कंपन्यांचा संचालक होता, यावरही न्यायालयाने कडक बोट ठेवलं.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. कारणं देण्याचं बंधन नोंदवलेल्या हरकतीपुरतंच. हरकत इतिवृत्तात, म्हणजे सुनावणीच्या अधिकृत नोंदीत, नसेल तर समितीने तिचा विचार का केला नाही, हे विचारायला जागाच उरत नाही. मांडवात दिलेली घोषणा संध्याकाळी विरून जाते. ‘अहवालाच्या अमुक पानावर झरा नाही असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात आहे’ हे वाक्य इतिवृत्तात गेलं, की ते समितीपुढे जातं, तिथून पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादापुढे आणि गरज पडली तर सर्वोच्च न्यायालयापुढेही जाऊ शकतं.

म्हणून ते तीस दिवस महत्त्वाचे. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटावी असंही अधिसूचना म्हणते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ठिकाणी पाहायला ठेवायचा असतो. अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. पूर्ण अहवाल मात्र बहुतेक वेळा इंग्रजीतच येतो, आणि सारांशात अडचणीचं काही सापडत नाही. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला होता आणि त्यात हे तीस दिवस वीसवर आणायचे होते. देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा कायम झाला नाही.

अहवाल बघायला गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. वही घ्या, फोन चार्ज करून घ्या आणि शक्य असेल तर तीन-चार जण जा. आमच्या जाडजूड बाडाची पानं आम्ही वाटून घेतली. बारावीला विज्ञान असलेल्या दोन मुलींनी पाण्याचा आणि हवेचा भाग घेतला, निवृत्त गुरुजींनी लोकसंख्येचा आणि शेतीचा, आणि मी झाडं-प्राण्यांचा. इंग्रजीची भीती पहिल्या दिवशीच गेली, कारण महत्त्वाचं जे असतं ते नकाशे आणि तक्ते. तक्त्यात आपल्या विहिरीचं पाणी किती फुटांवर लिहिलं आहे, हे कळायला इंग्रजी लागत नाही. विहीर कुठल्या वाडीतली आहे तेवढं माहीत असावं लागतं, आणि ते सल्लागारापेक्षा आपल्याला चांगलं माहीत असतं.

आणि तिथेच आम्हाला मोठी गोष्ट सापडली. अहवालात सड्याचं वर्णन होतं ‘ओसाड, खडकाळ, वनस्पती विरळ’. फोटोही जोडलेला होता आणि तो खराच होता. काळाकुट्ट तापलेला कातळ, मधे पिवळं वाळलेलं गवत, लांबवर एक करवंदीची जाळी. कोकणातला कुठलाही सडा एप्रिलमध्ये असाच दिसतो. पाहणी झाली होती मार्च ते मे. बहुतेक प्रकल्पांत पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणी चालते, म्हणजे यात त्यांनी नियम मोडला होता असंही नाही.

पण सड्याचं सगळं आयुष्यच जून ते ऑक्टोबर या महिन्यांत असतं. पहिल्या दोन पावसांनंतर कातळाच्या फटींतून दीपकाडीचे पांढरे घोस उभे राहतात. श्रावणात उथळ पाण्याच्या कडेने सीतेची आसवं निळी-जांभळी होऊन पसरतात. ती कीटक पकडून जगतात, कारण त्या पातळ मातीत पोट भरण्यासारखं काही नसतं. तेरडा येतो, सोनकी येते. खोलगट जागी डबकी साचतात, त्यांत बेडूक अंडी घालतात आणि तीच डबकी गुरांची तहान भागवतात. काही जण त्याच डबक्यांच्या काठाने चिमूटभर मातीत भात लावतात. दसरा झाला की हे सगळं मिटतं. बिया, कंद आणि अंडी कातळाच्या सांदीत पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. एप्रिलमध्ये येऊन सड्याला ओसाड म्हणणं हे रात्री शाळेत जाऊन ‘इथे पोरं दिसत नाहीत’ असं लिहिण्यासारखं आहे.

त्याहून महत्त्वाचं पाण्याचं. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उताराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. आमच्या खालच्या तिन्ही वाड्या त्या झऱ्यांवर आहेत. झऱ्यांचं पाणी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतं आणि व्हाळाच्या काठी पोफळी उभ्या आहेत. सड्याचा वरचा थर काढला तर पाऊस मुरणार कुठे? अहवालाच्या नकाशावर एकही झरा नव्हता. उन्हाळ्यात आटणारे नव्हते आणि बारमाही वाहणारेही नव्हते.

मग आम्ही आमचा नकाशा केला. गाव नकाशा तलाठ्याकडून घेतला, मोठ्या कागदावर काढला आणि वाडीवाडीत नेला. प्रत्येक झऱ्याचं नाव, तो कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो आणि किती घरं त्यावर आहेत हे लिहून घेतलं. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो काढले. सड्याचे मागच्या पावसाळ्यातले फोटो लोकांच्या फोनमध्ये होतेच, कोणाच्या लग्नानंतरच्या सहलीचे, कोणाच्या गणपतीतले. तारखेसकट ते गोळा केले. दोन रविवारांचं काम. ग्रामसभेत ठराव घेतला आणि हे सगळं त्याला जोडलं.

ठरावाबद्दल इथे एक खुलासा करायला हवा, कारण त्यात गोंधळ फार होतो. ग्रामसभेचा ठराव आणि जनसुनावणी या वेगळ्या गोष्टी आहेत. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरची बॉक्साइट खाण थांबली, ती २०१३ मध्ये तिथल्या बारा ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिल्यावर. पण ते वनहक्क कायदा, २००६ खालचं प्रकरण होतं. डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेचा आणि हक्काचा आहे का, हे ग्रामसभांनीच ठरवावं असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. जिथे वनहक्क आहेत किंवा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्र म्हणून ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेचं बळ वेगळंच असतं आणि ते आधी वापरावं. आमच्यासारख्या गावात पर्यावरण मंजुरीपुरता ठराव हा पुरावा म्हणून जोडला जातो. तोही मोलाचा असतो, पण त्याने आपोआप काही थांबत नाही.

लेखी हरकतीही सुनावणीच्या आधी आणि सुनावणीत देता येतात. त्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नावाने द्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर कागद दिलाच नव्हता असं समजा. एका मजकुराच्या पाचशे छापील प्रती दिल्या तर मुद्दा एकच धरला जातो. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळे मुद्दे आपल्या शब्दांत लिहावेत. आंब्याच्या मोहोरावर धूळ बसली तर काय होतं हे बागायतदाराने लिहावं, डंपर शाळेच्या दारावरून जाणार हे पालकांनी लिहावं, खाडीत गाळ आला तर तिसऱ्या, कालवं या शिंपल्यांचं काय हे गाबित मच्छीमारांनी लिहावं.

सुनावणीचा दिवस. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी असावा लागतो. सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हायला हवी. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती विचारण्याची आणि खुलासा मागण्याची संधी द्यावीच लागते. ‘आता वेळ संपली’ असं सांगितलं तर ही तरतूद शांतपणे आठवण करून द्या.

बोलताना नाव, गाव आणि मुद्दा. शक्य तर पान क्रमांक. आम्ही सगळ्यांना एकच सांगितलं होतं, भाषण करू नका, प्रश्न विचारा. ‘तुम्ही आमचं वाटोळं करताय’ याला उत्तर द्यावं लागत नाही. ‘सड्याची पावसाळ्यातली पाहणी कोणी, कधी केली?’ याला द्यावं लागतं, आणि उत्तर नसेल तर ते नसणंही नोंदलं जातं.

गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट इथे नसते. बहिष्कार टाकला आणि मांडवात दहाच माणसं राहिली, तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. खुर्च्या फेकल्या आणि मांडव पाडला तर त्याहून वाईट. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येणं शक्य नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जाण्याचा निर्णय घेण्याची मुभा अधिसूचनेत आहे. रागावलेल्या गावाला हे सांगणं फार अवघड असतं. रागाचं कारण खरं असतं, माझ्याही पोटात तोच राग होता. पण त्या दिवशी मांडव मोडला असता तर आमच्या झऱ्यांचा नकाशा कोणाला द्यायचा होता?

सगळ्यात मोलाची वेळ शेवटची, आणि नेमकी तेव्हा माणसं घरी निघालेली असतात. कामकाजाचा सारांश त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायला हवी. आमच्याकडे दुपार कलली, जेवणाची वेळ होऊन गेली होती, मांडवात साठेक माणसं उरली. वाचन सुरू झालं. पाण्याबद्दल एकच ओळ होती, ‘पाण्याच्या टंचाईबाबत चिंता व्यक्त करण्यात आली’. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. ‘साहेब, मी टंचाई नाय म्हटलंय. माझ्या वाडीचे तीन झरे म्हटलंय. नावा सांगितलीत.’ क्षणभर सगळे गप्प. मग अधिकाऱ्यांनी नावं पुन्हा विचारली आणि ती हाताने इतिवृत्तात लिहिली गेली. त्या अधिकाऱ्यांचं हे मी चांगलंच मानतो. आजी शेवटपर्यंत थांबल्या नसत्या तर ती तीन नावं त्या मांडवातच राहिली असती.

नंतर इतिवृत्त आणि प्रकल्पवाल्याची उत्तरं पंचायतीत, जिल्हा परिषदेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लावावी लागतात. चित्रीकरण आणि कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. चित्रीकरण आणि इतिवृत्त शेजारी ठेवून ताडून बघा आणि गळलेले मुद्दे लगेच लेखी कळवा.

मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे हरित लवादात, तीस दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस माफ होऊ शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरी कधी आली हे कळलंच नाही आणि मुदत गेली, असं व्हायला नको म्हणून गावातल्या एका माणसावर ‘परिवेश’ पाहण्याचं काम ठेवा, दर सोमवारी.

गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला मंजुरी स्थगित ठेवली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितलं. प्रकल्पाच्या अर्जात परिसरातल्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट उघड केली नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण. २०२० मध्ये जादा अटी घालून बंदी उठली आणि विमानतळ झाला. म्हणजे मंजुरीविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांना हवं ते मिळालं नाही. पण लपवलेली माहिती ही क्षुल्लक चूक नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं, आणि आमच्यासारख्या गावांना आपल्या हरकतीत ते सांगता येतं.

मंजुरीबरोबर अटी येतात आणि बऱ्याच ठिकाणी लढा तिथे थकून थांबतो. खरं तर अटी म्हणजे दर दिवशी तपासता येईल अशी यादी असते. धूळ बसवायला पाणी किती वेळा मारायचं, झाडं किती लावायची, विहिरींची पातळी कधी मोजायची. त्या पाळल्याचा अहवाल प्रकल्पवाल्याला दर वर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सगळ्यांसाठी खुला असतो. आमच्या गावात खाणीचा निर्णय अजून आलेला नाही. पण त्या दोन मुलींनी प्रत्येक झऱ्याचं पाणी महिन्यातून एकदा बादली आणि घड्याळ घेऊन मोजायला सुरुवात केली आहे. बादली किती सेकंदांत भरते ते तारखेसह वहीत लिहितात. आजींच्या वाडीतला वरचा झरा मार्चमध्ये बावीस सेकंदांना एक बादली देत होता.